हट्टाचं विमान मोपाच्या सड्यावर

बंगळूरला जगभरची विमानं जमतात त्या मेळ्यासाठी मी फेब्रुवारीत घराबाहेर पडले आणि गोव्यात पेडणे स्टेशनवर उतरले. हे कसं झालं ते आधी सांगायला हवं. घरच्यांना ते अजून नीटसं पटलेलं नाही.

आमचं पिंपळगाव बसवंतला चष्म्यांचं दुकान आहे. ओझरचा विमानतळ जवळ असल्यामुळे लहानपणापासून डोक्यावर विमानांची घरघर. शाळेत बाई फळ्याकडे वळल्या की आमच्या माना खिडकीकडे वळायच्या. बाकीच्या मुलींचं ते वेड दहावीच्या आसपास ओसरलं. माझं राहिलं. आता फोनवर माझ्यासारख्याच चार-सहा जणांचा गट आहे, आणि बंगळूरचा आंतरराष्ट्रीय मेळा जवळ आला की आमच्या अंगात येतं. यंदा कोणती विमानं येणार? कोणता देश कोणाशी खरेदीची बोलणी करतोय, कोणतं विमान मागच्या महिन्यात आखातात दिसलं, कोणाचे वैमानिक घरी बसून आहेत, अशा धाग्यादोऱ्यांवरून आम्ही अंदाज बांधतो. शेवटी प्रत्येकाने आपलं एक 'हट्टाचं विमान' जाहीर करायचं. येणार असं दुसऱ्या कोणालाही वाटत नाही, ते हट्टाचं विमान. माझं हट्टाचं विमान आजवर एकदाही आलेलं नव्हतं.

यंदा मी ब्राझीलचं सी-३९० सांगितलं. हे लढाऊ विमान नव्हे. पंखांखाली दोन जेट इंजिनं, शेपटीवर आडवी पट्टी आणि मागून उघडणारा भलामोठा दरवाजा असलेलं लष्करी मालवाहू विमान.

"ताई, घोड्यांच्या शर्यतीत बैल कशाला?" अविनाशराव म्हणाले. हे नांदेडचे निवृत्त ग्रंथपाल. आमच्या गटात त्यांचा शब्द शेवटचा.

आता काय सांगायचं? मला बैलच आवडतो. लढाऊ विमान येतं, कानठळ्या बसवतं आणि जातं. मालवाहू विमान गेल्यावरही त्याच्या पोटात काय असेल याचा विचार करत बसता येतं. पुरात सापडलेल्या गावासाठी पिठाची पोती असतील, तंबू असतील, पूल बांधायचं लोखंड असेल.

मेळ्याच्या तोंडावर अविनाशरावांनी जाहीर केलं की ब्राझील विमान आणणार नाही, फक्त छोटी प्रतिकृती मांडणार आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मला मात्र एवढं कळलं होतं की ते विमान आखातात आलेलं आहे. तिथवर आलेला पाहुणा मेळा चुकवून परत कशाला जाईल? तो समुद्रावरून येणार, आणि बंगळूरचं आकाश तर सरावासाठी दिवसाचा मोठा भाग बंद. म्हणजे अलीकडे कुठेतरी टेकावं लागणार. नकाशावर बोट फिरवत गेले तर ते पेडणे तालुक्यात, मोपाच्या नव्या विमानतळावर थांबलं.

लेक दुकान सांभाळायला आठवडाभरच येऊ शकत होती. बंगळूर किंवा गोवा, एकच जमणार होतं. मी माझा मेळ्याचा पास गटातल्या एकीच्या बहिणीला देऊन टाकला आणि गोव्याचं तिकीट काढलं. अंदाज चुकला तर दोन वर्षांनी येणारा मेळाही गेला आणि नाकही गेलं.

डिचोली

शुभदा माझी शाळेतली मैत्रीण. लग्न करून डिचोलीला गेली. नवरा बोटीवर असतो, ती रोज पेडण्याला जाऊन स्वतःचा दवाखाना चालवते. घरात दुसरं माणूस म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या. वय ऐंशीच्या पुढे, कणा ताठ, आणि गावभर सगळ्यांचीच 'आत्ये'.

"तू विमान पळोवंक आयलीस?" आत्येने पहिल्याच सकाळी चहा पुढे करत विचारलं. "नाशकांत विमानां नात गो?"

"आहेत. पण हे ब्राझीलचं आहे, आत्ये."

"ब्राझील!" ती म्हणाली, आणि तो शब्द तिने असा उच्चारला की जणू शेजारच्या वाड्याचं नाव घेतेय.

चहाबरोबर पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलवरून आणलेले उंडे होते. आमच्याकडे पाव म्हणजे लादीतून तोडलेला मऊ चौकोन, मिसळीच्या कटात बुडून नाहीसा होणारा. उंडा बुडत नाही. वरून कडक, दाताखाली कुरकुरतो, आतून किंचित आंबूस. त्याच्याबरोबर वाटाण्याची पातळ भाजी. पहिल्या दिवशी मी मिसळीची तर्री आठवत जेवले. दुसऱ्या दिवसापासून भाजी दोनदा मागून घेऊ लागले.

मोपाचा सडा

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट, जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात म्हणे तिथे हिरवा गालिचा असतो. मी गेले तेव्हा वाळलेलं गवत, लाल खडी आणि मधूनमधून काजूची झाडं. सकाळी शुभदाच्या गाडीतून पेडण्यापर्यंत जायचं, तिथून तिची दवाखान्यातली जुनी स्कूटर घेऊन सड्यावर. विमानतळाच्या कुंपणापासून बऱ्याच अंतरावर, रस्त्याकडेच्या एका झाडाखाली मी दुर्बीण, पाण्याची बाटली आणि टोपी अशी मांडामांड केली.

पहिल्याच दिवशी पोलीस आला. माझ्या वयाचाच असेल. कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, दुर्बीण कित्याक?"

"विमान बघायला."

"खंयचें विमान?"

"ब्राझीलचं."

तो मनापासून हसला. "ब्राझीलचें फुटबॉल म्हळें जाल्यार समजूं येता. विमान?"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. आखात, बंगळूर, बंद आकाश. तो ऐकत गेला आणि हळूहळू त्याचा चेहरा गंभीर झाला. वाटलं, आता चौकीवर नेतो. तो म्हणाला, "फोटो काडूं नाकात. आनी हांगा बसूं नाकात, दुपारी वोत येतलें, ऊन. ती पूर्वेकडची काजू बघा, तिका सावळी जास्त." शिवाय सकाळी वारा जमिनीकडून वाहतो, म्हणून विमानं त्याच बाजूने वर चढतात, हेही त्यानेच सांगितलं. मी मुक्काम तिकडे हलवला.

पहिला दिवस गेला. दिल्लीचं विमान आलं, मुंबईचं आलं, गोरे पाहुणे आणि हनिमूनची जोडपी घेऊन आणखी बरीच आली. दक्षिणेकडून नौदलाची दोन लढाऊ विमानं गर्जत गेली. माझं विमान आलं नाही. दुसऱ्या दिवशी खडीवर स्कूटर घसरली, गुडघा सोलला आणि चपलेचा अंगठा तुटला. शुभदाने पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी नाकाचं कातडं निघालं.

तिकडे गट बंगळूरला पोचला होता. फोटोंचा पूर लोटला. राफेल, सुखोई, तेजस. मी झाडाखाली बसून ते बोटाने मोठे करून बघत होते. तेवढ्यात अविनाशरावांचा निरोप आला: "ताई, तुमच्या बैलाचं काय झालं?"

मी फोन पिशवीत टाकला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

सुर्ला

"आज सड्यावर जायचं नाही," चौथ्या दिवशी शुभदाने फर्मान काढलं. "आत्येला माहेरी सुर्ल्याला जायचंय. तिच्याबरोबर जा आणि एक दिवस माणसासारखी जेव."

मी फार ताणून धरलं नाही. मनातून मीही हरले होते.

टॅक्सीने निघालो. सुर्ला खाणींचं गाव. ताडपत्री बांधलेले खनिजाचे ट्रक समोरून येत होते. रस्त्याकडेच्या झाडांची पानं खालून हिरवी आणि वरून विटकरी. एका वळणावर जुनी बंद खाण दिसली. प्रचंड खड्डा आणि तळाशी काचेसारखं हिरवंगार पाणी. सुंदर म्हणावं तर जीभ अडखळते. आत्ये म्हणाली, "हांगा आमचें भाटलें आसलें," म्हणजे नारळी-सुपारीची बाग. एवढंच म्हणाली आणि तोंड समोर वळवलं.

तिच्या माहेरी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण होतं. मोड आलेल्या मुगांच्या मूगागाठी, खोबऱ्याच्या वाटपातलं अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची रसभाजी, लाल उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हणून आग्रह करतात. इथे विचारत नाहीत, सरळ वाढतात. जेवताना आत्ये तिच्या शाळेचं सांगू लागली. ती लहान असताना पोर्तुगिजांचं राज्य होतं. सकाळी मराठी शाळा, दुपारी पोर्तुगीज. ती वर्गात पहिली यायची.

"मागीर गोवा मुक्त जालो. बरें जालें," ती म्हणाली. "पूण माझी ती भास तशीच उरली गो. कोणाकडे उलयतली? घरांत कोणाक येना. कधीं कधीं न्हाणीघरांत हांव एकटीच उलयतां."

न्हाणीघरात ती एकटीच पोर्तुगीज बोलते हे ऐकून मी हसले. ती हसली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शुभदा होती.

"आत्येला दे बघू फोन. माझ्याकडे एक पेशंट आलाय, मोरजीच्या हॉटेलातून आणलाय. कान धरून बसलाय. इंग्रजी नाही, हिंदी नाही, पोर्तुगीज बोलतोय असं वाटतं. मोबाईलवर भाषांतर केलं तर मोबाईल म्हणतो, 'माझा कान अजून आकाशात आहे.' आता यावर मी औषध काय देऊ?"

मी फोन आत्येला दिलाच नाही. "शुभदा, त्याचे कपडे कसले आहेत?"

"हिरवा अंगरखा आहे, एकसंध. बाहीवर झेंडा शिवलाय."

"कोणता झेंडा?"

"हिरवा. मधे पिवळं. त्यात निळा गोल..."

मी उष्ट्या हातानेच उठले.

पेडण्याचा दवाखाना

आत्येशेजारी टॅक्सीत मला एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटत होतं. विमान आलं होतं, माझा हट्ट खरा झाला होता. पण ते उतरलं तेव्हा मी सुर्ल्यात मूगागाठी जेवत होते. तीन दिवस उन्हात बसून चौथ्या दिवशी पाठ फिरवली आणि नेमकं तेव्हाच ते आलं. आता उडून गेलं असेल तर? समोर ट्रकांची रांग होती आणि ड्रायव्हर शांतपणे गाणं गुणगुणत होता.

दवाखान्यात बाकावर तो बसला होता. तिशीचा, दांडगा, कुरळ्या केसांचा, आणि डाव्या कानावर हात दाबून लहान मुलासारखा कळवळणारा. आत्ये त्याच्यासमोर उभी राहिली. पदर सारखा केला. एक क्षण तिचे ओठ नुसतेच हलले.

मग ती म्हणाली, "बोआ तार्द, मेउ फिल्यु. ओंद दोय?" बाळा, कुठे दुखतंय, असं ती विचारत होती.

त्या माणसाने मान वर केली. असा चेहरा मी दुकानात पाहिलेला आहे. वर्षानुवर्षं अंधूक बघणाऱ्या माणसाला पहिल्यांदा नेमक्या नंबरचा चष्मा लागतो, तेव्हाचा तो चेहरा. आणि मग तो जो बोलत सुटला! आत्ये हात वर करून त्याला थांबवत होती.

"सावकास रे, सावकास! हो उलयना, हो गायता," ती आम्हाला म्हणाली. "आमच्या मास्तराचें पोर्तुगीज असें नाशिल्लें."

पण तिला समजत होतं. त्याचं नाव जुआंव. विमानात माल चढवायचं, बांधायचं आणि उतरवायचं काम त्याच्याकडे. सर्दी झालेली असताना उड्डाण केलं आणि खाली उतरताना कानात जो दडा बसला तो सुटेना. बाकीच्यांना इंग्रजी येतं, पण ते विमानाच्या कामात अडकले होते.

"आत्ये, विचारा ना," मी तिचा हात धरला, "विमान कुठे आहे?"

तिने विचारलं. त्याने उत्तर दिलं. आत्ये माझ्याकडे वळली.

"मोपार आसा. फाल्यां सकाळीं वतलें."

अजून मोपावरच होतं, उद्या सकाळी निघणार होतं! मी शुभदाला मिठी मारली, तिच्या हातातल्या कान तपासायच्या नळीसकट.

मात्र जुआंवसाठी बातमी वाईट होती. शुभदाने कान नीट तपासून सांगितलं की पडदा सुजला आहे, इतक्यात उडायचं नाही, पुन्हा चढलास तर पडदा फाटेल. आत्येने हे त्याला सांगितलं. फोनवर त्याच्या कप्तानाशी शुभदा इंग्रजीत बोलली. कप्तानाने ऐकून घेतलं. जुआंवने मागाहून गाडीने बंगळूरला यायचं ठरलं. फोन ठेवल्यावर जुआंव आत्येला हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"म्हणता, विमान माका सोडून केन्नाच गेल्लें ना," आत्येने सांगितलं. मग तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि परस्पर निर्णय देऊन टाकला, दोन्ही भाषांत. "फाल्यां तूं आमचेवांगडा सड्यार येतलो."

पुन्हा सड्यावर

सकाळी शुभदाने दवाखाना उशिरा उघडायचं ठरवलं. मोरजीहून जुआंवला घेतलं, आणि आम्ही चौघं सड्यावरच्या त्या पूर्वेच्या काजूखाली पोचलो. आत्येसाठी घडीची खुर्ची आणली होती. पोलीसही तिथेच होता. मी जुआंवकडे बोट दाखवून म्हटलं, "ब्राझील." त्याने जुआंवला नखशिखांत न्याहाळलं, मग दोन्ही हातांनी त्याचा हात धरून तो हलवत राहिला आणि ब्राझीलच्या साताठ फुटबॉलपटूंची नावं घेतली. जुआंवला तेवढं संभाषण दुभाष्याशिवाय कळलं.

मग त्याचं लक्ष वर गेलं. झाडाला नुकता मोहोर आलेला होता आणि एका फांदीला चार-दोन पिवळी बोंडं लटकत होती, खाली बिया घेऊन. "काझू!" तो ओरडला. त्याने झाडाच्या खोडाला हातच लावला. त्याच्या गावी घराच्या मागे हेच झाड आहे म्हणे, आणि नावही हेच.

"आसतलेंच," आत्ये म्हणाली. "तुमच्याच गांवचें तें. पोर्तुगेजांनी हांगा हाडलें." तिने हेच त्याला पोर्तुगीजमध्येही सांगितलं. त्याने एक बोंड तोडलं, अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. दोघांच्याही हनुवटीवरून रस ओघळला.

मी अविनाशरावांना फोन लावला. मागे लढाऊ विमानांचा गडगडाट ऐकू येत होता.

"बोला ताई. आहात ना अजून झाडाखाली?"

"आहे. तुमचा सराव आटोपला की पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. माझा बैल निघतोय."

ते हसले. मग हसायचे थांबले. "ताई, खरंच?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. सड्याच्या पलीकडून आवाज उठला होता. प्रवासी विमानांसारखाच आधी, पण मग जाड होत गेला, छातीत शिरला. वाळलेल्या गवताच्या वर आधी शेपटीची ती आडवी पट्टी दिसली. मग सगळं विमान, करडं, रुंद खांद्यांचं, नाक उचलून थेट आमच्याकडे येणारं. मी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नाही. गरजच नव्हती. ते आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा पोटावरचा प्रत्येक जोड दिसला, चाकं आत घेताना दारं मिटलेली दिसली, आणि काजूची पानं उलटी झाली.

जुआंव दोन्ही हात वर करून उभा होता. गेली कित्येक वर्षं तो त्या विमानाच्या पोटात होता. ते जमिनीवरून उठताना कसं दिसतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तो आत्येला काहीतरी सांगत होता, पण त्या आवाजात तिला ऐकू येत नव्हतं, आणि तरी ती मान हलवत होती, "सीं, सीं."

वर जाऊन विमान आग्नेयेला वळू लागलं. वळता वळता त्याने डावा पंख खाली केला, मग उजवा, मग पुन्हा डावा. आपल्या मागे राहिलेल्या गड्यासाठी. जुआंव धावत रस्त्यावर गेला आणि टोपी हलवत राहिला. पोलिसाने कडक सलाम ठोकला. शुभदा, जी चार दिवस मला वेड्यात काढत होती, टाळ्या वाजवत होती. मी काय करत होते ते मला आठवत नाही. शुभदा सांगते की मी ओरडत होते, 'आला, आला, आला,' आणि विमान तर तोवर गेलेलं होतं.

त्यानंतर कोणालाच तिथून हलावंसं वाटेना. शुभदाने उंडे आणि सुक्या भाजीचा डबा उघडला. पोलिसालाही बसवलं. जुआंव उंडा दाताखाली मोडत 'पांव, पांव' म्हणत होता आणि आत्ये त्याला आमच्या घराघरांत राहिलेले त्यांचे शब्द ऐकवत होती: जनेल म्हणजे खिडकी, मेज, बालदी, चावी, बटाटा. प्रत्येक शब्दाला तो नव्याने चकित होत होता. मीही. बालदी आणि चावी मी जन्मभर वापरते आहे, त्या कुठून आल्या हे मला तरी कुठे ठाऊक होतं? आत्येचं बोलणं थांबत नव्हतं. मधूनच एखादा शब्द अडे, ती डोळे मिटून थांबे, आणि तो सापडला की खुर्चीच्या हातावर थाप मारे.

डबा संपत आला तेव्हा फोन वाजला. अविनाशराव. मी 'हॅलो' म्हटलं, पण पलीकडून शब्द आला नाही. नुसता आवाज आला. दुरून, मग जवळ, मग फोनच्या त्या एवढ्याशा भोकात न मावणारा. अविनाशरावांनी फोन आकाशाकडे धरला होता.

जुआंवने माझ्या हातातून फोन घेतला, उजव्या कानाला लावला, आणि त्याचा चेहरा फुलला. तो आत्येला दोनच शब्द म्हणाला.

"पावलें म्हणता," आत्ये म्हणाली. विमान बंगळूरला पोचलं होतं.

आवाज ओसरला. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा अविनाशरावांना दम लागला होता. "ताई! ताई, ऐकलंत का तुम्ही?"

"मी मघाशीच ऐकलं, अविनाशराव," मी म्हटलं. "आता तुम्ही पोटभर बघून घ्या."